आधी उजेड, मग कॅमेरा

(छायाचित्रण मार्गदर्शन शिबिरात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



छायाचित्रणाविषयी मुलांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्यात, अशी सूचना संस्थेकडून झाली, याबद्दल मी आभारी आहे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांची व्याख्याने आपल्याकडे नेहमी होतात. परंतु छायाचित्रण हाही शिकून येणारा हुन्नर आहे, त्याला शिस्त आहे, हिशेब आहे, आणि नीट केल्यास त्यावर एक घर चालू शकते, हे संस्थेने ओळखले ही समाधानाची बाब होय.

आजच्या भाषणाचे सार आधीच सांगून टाकतो. बारामती-इंदापूर भागात छायाचित्रणाची हौस असलेली पुष्कळ मुले आहेत. त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न पहिला नव्हे, शेवटचा आहे. आधी उजेड ओळखावा, मग माणूस ओळखावा, मग आपला मुलूख ओळखावा आणि त्यानंतर कॅमेरा घ्यावा. हा क्रम उलटला म्हणजे काय होते? उसाच्या बिलातून, दुभती गाय विकून किंवा कर्ज काढून घेतलेला महागडा कॅमेरा दोन लग्नसराया झाल्या की कपाटात जाऊन बसतो, आणि मुलगा म्हणतो, या धंद्यात काही राम नाही. धंदा वाईट नसतो, क्रम चुकलेला असतो.

उजेडाचा पहिला धडा

सुमारे हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशावरील ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या जागेच्या भोकासमोर त्याने ओळीने दिवे ठेवले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होई. म्हणजे प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाच भोकातून जाताना एकमेकांत मिसळत नाही. कॅमेऱ्याचे मूळ तत्त्व हेच. २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा या ग्रंथाच्या सहस्रकाचीही आठवण जगाने ठेवली.

हा प्रयोग आपल्या शाळेत फुकट करता येतो. एका वर्गाच्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करा, कागदाला बोटभर भोक पाडा आणि समोर पांढरी चादर धरा. बाहेर ऊन असेल तर मैदान, झाडे, सायकली असे सगळे चादरीवर उलटे दिसू लागेल. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला कॅमेरा ही जादूची पेटी वाटत नाही. ती एक अंधारी खोली आहे, आणि तिच्यात किती उजेड सोडायचा एवढेच आपल्या हाती आहे, हे त्याला कळते.

किती उजेड सोडायचा, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगणे सोपे आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले म्हणजे आपण तीन गोष्टी पाहतो: दार किती उघडले, पाणी किती वेळ चालले आणि पीक कोणते आहे. कॅमेऱ्यातही तीनच गोष्टी आहेत. छिद्र म्हणजे दाराचे उघडणे. शटर म्हणजे पाणी चालण्याचा वेळ. आयएसओ म्हणजे पीक. आयएसओ १०० हा ऊस समजा, त्याला भरपूर पाणी लागते, पण उतारा चांगला. आयएसओ ३२०० ही बाजरी, थोडक्यावर येते, पण दाणा दिसतो. अंधारात काढलेल्या फोटोत जो खरखरीत दाणेदारपणा दिसतो तो हाच.

छिद्राच्या आकड्यांनी मुले गोंधळतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा मोठा तितके छिद्र लहान. कारण हे अपूर्णांकाचे आकडे आहेत. अर्धी भाकरी पाव भाकरीपेक्षा मोठी असते, तसाच हा हिशेब. प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो.

एक जुना नियम पाठ करा. स्वच्छ भर उन्हात छिद्र १६ ठेवावे आणि शटरचा आकडा आयएसओइतका ठेवावा. आयएसओ १०० असेल तर शटर सुमारे १/१२५. छिद्र ८ केले तर उजेड चौपट झाला, म्हणून शटर १/५०० करावे. कॅमेऱ्यातील मापक बिघडला तरी ज्याला हा नियम येतो त्याचे काम अडत नाही.

मापक अशासाठी म्हणतो की तोही फसतो. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो धरून चालतो. नवरदेवाच्या काळ्या शेरवानीने चौकट भरली तर मापक ती करडी करून टाकतो, तेव्हा उजेड थोडा कमी करावा. पांढऱ्या भिंतीसमोर पांढऱ्या कपड्यातील मंडळी उभी असतील तर सगळे मळकट येते, तेव्हा उजेड वाढवावा. कॅमेऱ्यावर अधिक-उणे खुणेचे बटण असते ते याचसाठी. ज्यांना हे बटण वापरता येत नाही असे लोक कॅमेऱ्याला नावे ठेवतात.

माणसाचा फोटो

दुपारी बारा वाजता मैदानात उभे करून फोटो काढला की डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर चकाकी येते. त्याच माणसाला दोन पावले मागे ओसरीच्या सावलीत घ्या आणि तोंड उघड्या अंगणाकडे करा. उजेड मऊ होतो, डोळ्यांत चमक येते. घरात असाल तर खिडकीच्या बाजूला बसवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा पुठ्ठा धरा. स्टुडिओतले महाग दिवे जे करतात, त्यातले बरेचसे ही चादर करते.

शटरचा अंदाज असा ठेवावा. बसलेल्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, कबड्डी-खोखोला १/५०० ते १/१०००, उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून जलद. लांब भिंग हातात धरले असेल तर भिंगाचा आकडा पाहावा. ४०० मिलिमीटरच्या भिंगाला १/४०० पेक्षा मंद शटर हाताने पेलत नाही.

वर्गाचा सामुदायिक फोटो हे हलके काम समजू नका. सर्वांना एकसारख्या सावलीत घ्या. अर्धे उन्हात आणि अर्धे सावलीत असे कधीही नको. छिद्र ८ ठेवले तर तिन्ही ओळी स्पष्ट येतात. कडेच्या मुलांना चौकटीच्या अगदी काठावर आणू नका, रुंद भिंगात त्यांचे चेहरे ताणले जातात. आणि एका फोटोवर थांबू नका. चाळीस मुलांत कोणी ना कोणी डोळे मिटतेच, म्हणून सहा-सात काढा.

आता शादी-लग्नाचे काम. आपल्या भागातील बहुतेक छायाचित्रकारांची चूल त्यावर पेटते. मांडवाचे कापड लाल-पिवळे असते. फ्लॅश वर मारला की तोच रंग सर्वांच्या चेहऱ्यावर उतरतो. छत पांढरे असेल तरच फ्लॅश छतावर मारा, नाहीतर पांढरा पुठ्ठा लावून पुढे वळवा. निकाहच्या वेळी काझीसाहेब, वकील आणि गवाह कोठे बसणार, सह्या कोठे होणार, हे आधी जाऊन विचारून ठेवा. तो क्षण तुमच्यासाठी पुन्हा होणार नाही. बायकांच्या बाजूला जायचे की नाही, कोणाचे फोटो काढायचे नाहीत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि खुद्द त्या भगिनींना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका. आणि एकाही घरचा फोटो परवानगीवाचून आपल्या जाहिरातीसाठी मोबाईलवर फिरवू नका. या धंद्यात माणसे फोटोपेक्षा भरवशाला पैसे देतात. येथे आपल्या मुलींना मोठी संधी आहे, कारण पुष्कळ घरांना स्त्री छायाचित्रकार हवी असते आणि ती मिळत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. सावळ्या मुलीला यंत्रावर गोरी करून देण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. स्थळासाठी फोटो हवा म्हणून आईबापच तसे सांगतात. पण त्या फोटोने मुलीला मुकाट्याने काय सांगितले जाते, याचा विचार करा. सावळा चेहरा बाजूच्या मऊ उजेडात अतिशय सुंदर येतो. तो तसा आणता येणे हे छायाचित्रकाराचे कसब, पावडर फासणे हे नव्हे.

आपला मुलूख

दूरचे लोक आपल्या भागात फोटो काढायला येतात आणि आपण मात्र घरी बसतो. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पाणी ओसरून चिखलाच्या उथळ पट्ट्या उघड्या पडल्या की ते अधिक जवळून दिसतात. तेथील मच्छीमार बांधवांनी होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवण्याचा जोडधंदा उभा केला आहे. पाणी, वारा आणि पाखराचा स्वभाव त्यांना जितका ठाऊक आहे तितका कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून नावाड्याचे ऐका. होडी थव्यात घुसवायला त्याला भाग पाडू नका. पहाटे निघा, सूर्य पाठीशी ठेवा आणि कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आणा. गडद पाण्यावरील पांढरा-गुलाबी पक्षी मापकाला फसवतो, पिसे नुसती पांढरी फटक होतात. उजेड जरा उणे करा म्हणजे पिसांतील गुलाबी छटा राहील.

इंदापूर गावात चिंचेच्या जुन्या झाडांवर आणि भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक घरटी करतात. घरट्याजवळ जाऊ नका, फांद्या हलवू नका, पाखरे उडवून फोटो काढू नका. घाबरून उडालेल्या आईच्या मागे पिल्ले उन्हात आणि कावळ्यांच्या तावडीत सापडतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तेथे चिंकारा पाहायला मिळतो. इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकाऱ्याबरोबर लांडगा आणि खोकड आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना संरक्षण आहे. मोटारसायकलने त्यांचा पाठलाग करणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे. वन विभागाकडे रीतसर नोंद करूनच जावे.

ज्याच्याकडे लांब भिंग नाही त्याने खट्टू होऊ नये. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी आपल्या भागातून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते. धावत्या अश्वाबरोबर कॅमेरा एका गतीने फिरवत १/६० वर बटण दाबले तर अश्व स्पष्ट आणि मागची गर्दी रेषांसारखी येते. हे दहांतून एकदाच जमते, म्हणून आधी रस्त्यावरच्या सायकलींवर सराव करा. गुऱ्हाळावर सकाळी जा. काहिलीतून निघणारी वाफ उजेडाच्या विरुद्ध बाजूने पाहिली तर सोन्यासारखी दिसते. ऊसतोड मजुरांचे फोटो काढताना आधी दोन शब्द बोला, नाव विचारा. गरिबाच्या चेहऱ्यालाही त्याची इज्जत असते.

साहित्य कोणते घ्यावे

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. खर्चाचा क्रम मी असा सांगेन.

पहिली सहा महिने पायरी: घरातील मोबाईल. भिंग स्वच्छ मऊ कापडाने पुसा, निम्मे फोटो तेवढ्यानेच सुधारतील. पडद्यावर उभ्या-आडव्या रेषा चालू करा म्हणजे क्षितिज तिरके येत नाही. बोटाने चित्र मोठे करण्याऐवजी दोन पावले पुढे जा. जमल्यास एक साधी तिवई घ्या.

दुसरी पायरी: जुना, वापरलेला डीएसएलआर. कॅनन आणि निकॉन या कंपन्यांनी आता आरसा नसलेल्या नव्या जातीच्या कॅमेऱ्यांवर भर दिला आहे, त्यामुळे चांगले जुने डीएसएलआर बाजारात बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. सोबत १८-५५ चे भिंग आणि शक्य झाल्यास ५० मिलिमीटरचे १.८ छिद्राचे भिंग. हे दुसरे भिंग स्वस्त, हलके आणि कमी उजेडात कामाचे आहे.

जुना कॅमेरा घेताना पाच गोष्टी तपासा. शटर किती वेळा चालले आहे ते विचारा. छिद्र १६ ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. भिंगातून बॅटरीचा उजेड पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ते भिंग घेऊ नका. जवळचे आणि दूरचे दोन्ही आपोआप स्पष्ट होते का, हे पाहा. आणि पावती मागा. पावती नसलेला स्वस्त कॅमेरा पुढे पोलीस ठाण्यात महाग पडतो.

तिसरी पायरी: दोन मेमरी कार्डे, एक जादा बॅटरी, एक फ्लॅश. कार्ड बिघडले तर लग्न परत लागत नाही. काम झाले की त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत करा, एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा, आणि तोपर्यंत कार्ड पुसू नका.

चौथी पायरी: लांब भिंग, तेही आधी भाड्याने. वर्षातून चार वेळा भिगवणला जाण्यासाठी लाखाचे भिंग घेण्यात शहाणपण नाही.

आपल्या भागात धुळीचा शत्रू मोठा आहे. माळावर वाऱ्यात भिंग बदलू नका. धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. रबरी फुंकणीने उडवा. पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवा. चामड्याच्या पिशवीत महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या भिंगाला बुरशी धरते.

कर्ज काढण्यापूर्वी पाटीवर हिशेब मांडा. समजा, एक लाखाचे साहित्य घेतले आणि एका कामातून प्रवास, मदतनीस, अल्बम यांचा खर्च वजा जाता दोन हजार उरले, तर नुसते मुद्दल फिटायला पन्नास कामे लागतील. व्याज वेगळे. लग्नसराई काही बारा महिने नसते. पन्नास कामे कोठून येणार याचे उत्तर हाती नसेल तर एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराकडे मदतनीस म्हणून एक हंगाम काढा. लग्नाखेरीजही कामे आहेत: शाळांचे कार्यक्रम, दुकानांच्या मालाचे फोटो, द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदारांचे माहितीपत्रक, ओळखपत्रे, जुन्या फोटोंच्या प्रती. ही कामे लहान, पण बारमाही.

हा हुन्नर कोठवर नेतो, याची दोन उदाहरणे देतो. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून देशाने त्यांना ओळखले आणि २०११ साली पद्मविभूषण दिले. दानिश सिद्दीकी यांनी दिल्लीच्या जामिया मिल्लियात शिक्षण घेतले. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या ज्या चमूला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले त्यात ते होते. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात युद्धाचे वार्तांकन करताना ते मारले गेले, आणि २०२२ मध्ये कोरोनाकाळातील छायाचित्रांसाठी त्यांना सहकाऱ्यांसह मरणोत्तर पुन्हा तो मान मिळाला. दोघेही कॅमेऱ्याच्या किमतीमुळे मोठे झाले नाहीत.

सराव आणि एक सूचना

पूर्वी घरोघरी आग्फा क्लिक-३ नावाचा साधा कॅमेरा असे. त्याच्या रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून माणूस बटण दाबण्यापूर्वी विचार करी. तीच शिस्त आज पाळा. एक महिना दररोज बाराच फोटो काढा आणि एकही पुसू नका. पहिला आठवडा फक्त खिडकीचा उजेड, दुसरा आठवडा घरातील वडील माणसे, तिसरा आठवडा आपली गल्ली आणि बाजार, चौथा आठवडा हलणाऱ्या गोष्टी. रविवारी शिक्षकांना दाखवा. महिन्याअखेर तुम्हाला स्वतःलाच फरक दिसेल.

संस्थेला एक विनंती आहे. प्रत्येक मुलाने कॅमेरा विकत घेण्याऐवजी संस्थेने दोन चांगले वापरलेले कॅमेरे घेऊन ग्रंथालयाच्या पुस्तकांप्रमाणे नोंदवहीवर द्यावेत. त्या बदल्यात मुलांनी एक काम करावे. आपल्या घराघरांत ट्रंकेच्या तळाशी जुने फोटो आहेत. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील घरे, जुने वाडे, शाळेचे पहिले वर्ग त्यांत असतील. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, पण जी घरे गेली ती फक्त अशा कागदावर उरली आहेत. ते फोटो खिडकीच्या उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश न वापरता, मोबाईल बरोबर समांतर धरून त्यांची प्रत घ्या. आजी-आजोबांना विचारून नावे, गाव आणि साल लिहून ठेवा. मूळ फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. नावे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. नाव नसलेला फोटो म्हणजे पत्ता नसलेले पत्र होय. या कामाला मोठा कॅमेरा लागत नाही, उद्यापासून सुरू करता येते, आणि हे काम जो मनापासून करील त्याच्या हाती उद्या कोणताही कॅमेरा दिला तरी तो वाया जाणार नाही.